झाडं जनुकं गप्प का करतात? (मिथिलेशन, उड्या मारणारे तुकडे आणि 'आठवणी'चा बोलबाला)

पालवी

'दुष्काळ सोसलेलं रोप पुढच्या पिढीला धडा देऊन जातं' अशा धर्तीचं काहीतरी अधूनमधून फिरत असतं. खाली पुरावा म्हणून 'डीएनए मिथिलेशन' हे दोन शब्द टाकलेले असतात, की झालं. मिथिलेशन खरोखरच भन्नाट आहे, पण त्याचं कारण या मथळ्यांमध्ये सापडत नाही. म्हणून हा धागा.

पाया थोडक्यात सांगते, माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीन (सी) या अक्षरावर एक छोटा मिथिल गट चिकटतो. अक्षर तेच राहतं, क्रम तोच राहतो. पण जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे जिथून वाचन सुरू होतं त्या भागावर, असे गट दाटीवाटीने बसले की ते जनुक सहसा गप्प होतं. सस्तन प्राण्यांत हे मुख्यतः सायटोसीनच्या शेजारी ग्वानीन (जी) हे अक्षर असेल तिथे घडतं (सीजी). वनस्पतींत तीन तऱ्हा आहेत: सीजी, सीएचजी आणि सीएचएच. यातला एच म्हणजे ग्वानीन सोडून कुठलंही अक्षर. अ‍ॅराबिडॉप्सिसचा (मोहरीच्या कुळातलं छोटं रोप, प्रयोगशाळांचं लाडकं) अक्षरागणिक नकाशा २००८ साली आला. त्यात सीजीतले सुमारे २४ टक्के, सीएचजीतले सुमारे ७ टक्के आणि सीएचएचमधले २ टक्क्यांहूनही कमी सायटोसीन मिथिलयुक्त निघाले.

आता मुद्द्याचं. हे गट जीनोमभर सारखे पसरलेले नसतात. त्यांची खरी गर्दी असते ट्रान्सपोझॉनवर, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारणाऱ्या किंवा स्वतःच्या प्रती काढून ठिकठिकाणी घुसवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर. मक्याच्या जीनोमचा सुमारे ८५ टक्के भाग अशाच तुकड्यांचा आहे. ते सगळे एकदम जागे झाले तर मका शिल्लक राहणार नाही. झाडाने ही सगळी यंत्रणा उभी केली ती या उपद्व्यापी मंडळींना गप्प ठेवायला. एखादं कामाचं जनुक त्यात गप्प होतं ते बहुतेक वेळा शेजार वाईट मिळाला म्हणून. 'अनुभवाची नोंद' वगैरे फार नंतरची गोष्ट, आणि तीही पुष्कळदा खरी नसते.

बार्बरा मॅक्लिंटॉकने मक्याच्या दाण्यांवरच्या ठिपक्यांवरून उड्या मारणारी जनुकं शोधली, १९८३ चं नोबेल मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिने आणखी एक गोष्ट टिपली होती: हे घटक काही काळ जागे असतात, मग झोपतात, पुन्हा जागे होतात, आणि डीएनए तुटलेला वगैरे नसतो. ते झोपणं म्हणजे मिथिलेशन, हे पुढे १९८० च्या दशकात कळलं.

शंकासुर

लेख आवडला. पण एक कळलं नाही. पेशी विभागताना डीएनएची प्रत निघते, नव्या धाग्यावर मिथिल गट नसणार. मग दोन-तीन विभाजनांत सगळं धुऊन जायला हवं. टिकतं कसं?

पालवी

@शंकासुर, हाच प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटत होतं.

तिन्ही तऱ्हा तिथेच वेगळ्या पडतात. सीजी दोन्ही धाग्यांवर समोरासमोर येतं. प्रत निघाल्यावर जुन्या धाग्यावर गट असतो, नव्यावर नसतो. ही अर्धवट अवस्था ओळखून मेट१ नावाचं एन्झाइम नव्या धाग्यावर गट बसवतं. जुना धागाच नमुना, त्यामुळे फार चोख काम. सीएचजीचं जरा लांबून: मिथिल असलेल्या डीएनएला केवायपी हे प्रथिन चिकटतं आणि तिथल्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर, खूण करतं (एच३के९ वर दोन मिथिल गट). ती खूण बघून सीएमटी३ येतं आणि डीएनएवर गट बसवतं. त्यावर परत केवायपी. दोघं एकमेकांना कामाला लावतात, म्हणून टिकतं.

सीएचएचला मात्र समोरच्या धाग्यावर जोडीदारच नाही. दरवेळी नव्याने लिहावं लागतं, आणि कुठे लिहायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. काही ठिकाणी ते सीएमटी२ हिस्टोनच्या खुणा बघून करतं. बाकी ठिकाणी जे होतं ते फक्त वनस्पतींचं वैशिष्ट्य. डीएनए वाचून त्याची आरएनए ही नक्कल काढणारी एन्झाइम्स म्हणजे आरएनए पॉलिमरेज. त्यातली १, २, ३ आपल्याला माहीत असतात. वनस्पतींकडे आणखी दोन आहेत, ४ आणि ५, दोन्ही क्रमांक २ पासून उत्क्रांत झालेले. क्रमांक ४ ट्रान्सपोझॉनवरून आरएनएचे आखूड तुकडे काढतं, आरडीआर२ ते दुहेरी करतं, डीसीएल३ त्यांचे बरोब्बर २४ अक्षरांचे तुकडे पाडतं. हा तुकडा एजीओ४ या प्रथिनात बसतो. तिकडे क्रमांक ५ त्याच जागेवरून दुसरा एक आरएनए काढत असतं. तुकड्याची अक्षरं त्याच्याशी जुळली की डीआरएम२ तिथे येऊन मिथिल गट लावतं.

आणि गप्प करायच्या जागेवरूनच आरएनए काढावा लागतो! पूर्ण शांतता झाली तर शांतता टिकवता येणार नाही, असा सगळा मामला आहे.

वाचनमात्र

वाचतोय. पॉलिमरेज ४ आणि ५ पहिल्यांदाच ऐकले.

चौकस

म्हणजे पान तेच, मजकूर तोच, फक्त पानं एकमेकांना चिकटवून टाकली, असं समजू का?

अनुक्रम

@चौकस, पहिल्या दिवसापुरतं चालेल, पण उपमा लवकर फाटते. एक म्हणजे जनुकाच्या आतल्या भागात, प्रमोटर सोडून, सीजी मिथिलेशन असेल तर जनुक गप्प होत नाही. उलट रोजच्या कामाची, सतत चालू असलेली कितीतरी जनुकं अशी असतात. ते तिथे कशासाठी असतं यावर वाद आहे. युट्रेमा नावाच्या एका मीठसोशीक वनस्पतीने ते जवळजवळ पूर्ण गमावलंय (सोबत सीएमटी३ सुद्धा), आणि ती मजेत जगतेय.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. गट काढून टाकणारी एन्झाइम्सही असतात, त्यातलं एक आरओएस१. ते मिथिलयुक्त सायटोसीन चक्क कापून काढतं आणि त्या जागी कोरं बसवून घेतं. याच आरओएस१ च्या प्रमोटरमध्ये एक ट्रान्सपोझॉन आहे. तो मिथिल झाला की जनुक *चालू* होतं, मिथिल नसला की मंदावतं. नेमकं उलटं. झाडात मिथिलेशन वाढलं की काढणाराही वाढतो, कमी झालं की तोही हात आखडतो. तेव्हा 'मिथिल म्हणजे बंद' हे पाठ करून ठेवू नये.

जुना खोंड

पेटुनिया राहिली की! १९९० साली अमेरिकेत नेपोली, लेम्यू आणि जॉर्गेन्सन यांनी जांभळा रंग गडद करायला रंगाच्या जनुकाची (चाल्कोन सिंथेज) जादा प्रत घातली, आणि गडद व्हायच्या ऐवजी बरीच फुलं पांढरीफटक निघाली. घातलेलं जनुकही गप्प, घरचंही गप्प. मिथिलेशनचा पहिला धडाकेबाज नमुना तोच ना?

अनुक्रम

@जुना खोंड, पेटुनिया हवीच, पण दोन पेटुनिया वेगळ्या ठेवू या. तुम्ही म्हणता त्या प्रयोगात जनुक वाचलं जात होतं, पण निघालेला आरएनए लगेच कापला जात होता. गप्प करणं झालं ते वाचनानंतर. लहान आरएनएंचा माग त्यातून लागत गेला. वनस्पतींत ते हॅमिल्टन आणि बाल्कोम्ब यांनी १९९९ मध्ये दाखवले.

प्रमोटरच्या मिथिलेशनची पेटुनिया जर्मनीतली. कलोनला मक्याचं ए१ जनुक घालून विटकरी फुलांची पेटुनिया केली होती. १९९० साली तिची सुमारे ३०,००० रोपं उघड्या शेतात लावली. हेतू असा की एखादा ट्रान्सपोझॉन त्या जनुकात जाऊन पडला तर फूल पांढरं होईल आणि तो सापडेल. झालं भलतंच. हंगाम पुढे सरकला, ऊन वाढलं, रोपं जून झाली, तशी एकाच रोपावरची नवी फुलं फिकट येऊ लागली. तपासलं तर जनुक जागेवर, तुटफूट नाही, पण त्याच्या ३५एस प्रमोटरवर मिथिल गट चढलेले. हा प्रमोटर मुळात एका विषाणूचा, म्हणजे झाडाच्या दृष्टीने परकाच.

आरएनए बघून डीएनएवर गट चढतात हेही त्याच दशकात कळलं. १९९४ मध्ये व्हासेनएगर आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या जीनोममध्ये व्हायरॉइडची (नुसत्या आरएनएचा बनलेला रोगकारक) प्रत घातली. व्हायरॉइडचा आरएनए पेशीत वाढायला लागला तेव्हाच ती प्रत मिथिल झाली, एरवी नाही.

शंकासुर

छान चाललंय, पण मूळ वादाकडे या. हे गट पुढच्या *पिढीत* जातात की नाही? जात असतील तर 'कमावलेले गुण वारशाने जातात' म्हणणाऱ्या लामार्क साहेबांना नमस्कार करून मोकळे होऊ. नसतील तर धाग्याचं नाव बदला.

पालवी

जातात. कधीकधी फार पक्के जातात. दोन उदाहरणं देते.

१७४२ मध्ये स्वीडनमध्ये एका विद्यार्थ्याला लिनारियाचं विचित्र झाड सापडलं. नेहमीच्या फुलाला एकच शेपटी (मध साठवणारी नळी) असते आणि फूल डावं-उजवं सारखं असतं. याला पाच शेपट्या, आणि फूल चारही बाजूंनी सारखं. लिनियस हादरला, कारण फुलांच्या रचनेवर तर त्याचं सगळं वर्गीकरण उभं. त्याने त्याला 'पेलोरिया' म्हटलं, ग्रीकमध्ये राक्षस. १९९९ मध्ये कुबास, व्हिन्सेंट आणि कोएन यांनी दाखवलं की या फुलात एलसायक नावाचं जनुक भरगच्च मिथिल होऊन गप्प झालंय. मधूनच एखाद्या फांदीवर फूल थोडंफार मूळ वळणावर जातं, आणि तिथे मिथिलेशन उतरलेलं सापडतं.

दुसरं मक्याचं, आणि हे मला अजूनही पचत नाही. बी१ या जनुकाची एक अवस्था झाड गडद जांभळं करते, दुसरी फिकट. दोघांचा संकर केला की सगळी संतती फिकट. इथवर मेंडेलला हरकत नसती. पण पुढच्या पिढीत गडद परत येतच नाही! फिकट अवस्थेने गडद अवस्थेला आपल्यासारखं करून टाकलेलं असतं, आणि ती बदललेली प्रत पुढे इतरांनाही बदलते. ब्रिंकने १९५६ मध्ये मक्याच्याच दुसऱ्या एका जनुकावर (आर१) असा प्रकार वर्णन केला आणि त्याला पॅराम्युटेशन म्हटलं. बी१ मध्ये दोन्ही अवस्थांचा डीएनए सारखाच. फरक पाडणारी जागा जनुकापासून सुमारे एक लाख अक्षरं लांब, ८५३ अक्षरांचा एकच तुकडा सात वेळा ओळीने. आणि हे चालायला जे लागतं त्यात मॉप१ आहे, म्हणजे मघाच्या आरडीआर२ चा मक्यातला भाऊ.

पण शंकासुर, लामार्कला नमस्कार करायच्या आधी बघा: या दोन्हींत झाडाने काय *अनुभवलं*? काही नाही. ऊन नाही, तहान नाही. पिढीजात आहे, पण कमावलेलं नाही.

चौकस

पण डीएनएत कुठे बारीक बदल नसेलच, हे कशावरून? अख्खा जीनोम कोण तपासतो?

अनुक्रम

हल्ली तपासतात. पण त्याहून चलाख मार्ग म्हणजे एपिरिल नावाचे खास तयार केलेले वाण. डीडीएम१ हे प्रथिन बिघडलं की अ‍ॅराबिडॉप्सिसचं बरंच मिथिलेशन उतरतं. असं झाड चांगल्या झाडाशी संकरित करायचं, मग पुढच्या पिढ्यांतून ज्यांचं डीडीएम१ ठणठणीत आहे तेवढीच निवडायची. आता सगळ्यांचा डीएनए जवळपास एकच, यंत्रणाही शाबूत, पण जीनोमचे वेगवेगळे पट्टे गट उतरलेल्या अवस्थेत वारशाने आलेले. २००९ मध्ये अशा वाणांचं काम प्रसिद्ध झालं. फुलायची वेळ आणि उंची यांत फरक, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा. २०१४ मध्ये फुलायची वेळ आणि मुळांची लांबी यांतला बराचसा फरक थेट त्या मिथिल पट्ट्यांशी जोडून दाखवला गेला.

खोट काढायचीच तर: डीडीएम१ नसताना काही ट्रान्सपोझॉन उड्या मारून घेतात, म्हणजे 'जवळपास एकच' मधलं 'जवळपास' विसरायचं नाही. शिवाय सगळे पट्टे कोरे राहत नाहीत. जिथे २४ अक्षरी आरएनए अजून निघतात तिथे काही पिढ्यांत गट परत चढतात.

आपोआप होणारे बदलही मोजलेत. ३० पिढ्या नुसत्या वाढवलेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये एकेका सीजीची अवस्था पिढीमागे साधारण दहा हजारांत काही वेळा, या प्रमाणात पालटते. डीएनएतल्या अक्षरबदलाच्या मानाने हे हजारो पटींनी जास्त. पण एकटं सीजी पालटून सहसा काहीच होत नाही. अख्खा पट्टा पालटणं फार दुर्मीळ.

काचपात्र

ऊतीसंवर्धनात काम करते, म्हणून राहवलं नाही. आमच्या धंद्यात हे पुस्तकी प्रकरण नाही.

तेलताडाचं उदाहरण घ्या. उत्तम झाड निवडायचं, त्याच्या ऊतींपासून हजारो रोपं करायची, सगळी तंतोतंत तशीच यायला हवीत. १९८० च्या दशकात लक्षात आलं की त्यातली काही झाडं फळावर येतात तेव्हा फळ विद्रूप निघतं: भोवती जादा पाकळ्यांसारखे मांसल भाग, तेल नगण्य. आणि हे कळतं कधी, तर झाड लावून काही वर्षं झाल्यावर! २०१५ मध्ये मलेशियातल्या गटाने कारण छापलं. फुलाचे भाग ठरवणाऱ्या डेफिशियन्स जनुकाच्या मधल्या एका इंट्रॉनमध्ये (आरएनए जोडताना कापून टाकला जाणारा भाग) 'कर्मा' नावाचा ट्रान्सपोझॉन बसलाय. तो भरपूर मिथिल असेल तर जनुकाचा आरएनए नीट जोडला जातो. संवर्धनात त्याचे गट उतरले की जोडणी चुकीच्या ठिकाणी होते आणि प्रथिन अर्धवट राहतं. शोधनिबंधात त्यांनी सरळ 'गुड कर्मा' आणि 'बॅड कर्मा' अशीच नावं वापरली आहेत. आता रोप काचेच्या बाटलीत असतानाच तपासता येतं.

पालवीताई म्हणतात ते इथे तंतोतंत लागू आहे. दोष जनुकाचा नाही, त्याच्या पोटात बसलेल्या पाहुण्याचा.

वाचनमात्र

काचपात्र, तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?

काचपात्र

बहुतेक ठिकाणी बायसल्फाइट. डीएनएला सोडियम बायसल्फाइट लावलं की साधा सायटोसीन युरॅसील होतो आणि पुढे वाचताना टी (थायमीन) दिसतो. मिथिल असलेला तसाच राहतो, सी दिसतो. म्हणजे मूळ क्रमात सी होता तिथे आता टी आला तर कोरा, सी राहिला तर मिथिल.

यात फसगत एकच. रसायनाचं काम अर्धवट झालं तर कोरे सायटोसीनही सी म्हणूनच राहतात आणि आपण खूश होतो की केवढं मिथिलेशन! म्हणून आधी हरितलवकाच्या डीएनएचे तुकडे बघायचे. तो नमुन्यात आपोआप भरपूर आलेला असतो आणि त्यावर मिथिलेशन धरत नाहीत. तिथे जितके सी उरले तितकी प्रक्रिया कच्ची. मी कुणाचाही निबंध हातात घेतला की आधी हा आकडा शोधते. सीएचएचबद्दल दावा असेल तर जास्तच, कारण तिथे मुळात टक्का एवढासा, की चूक आणि खरं यातला फरकच पुसला जातो.

जुना खोंड

बरं, मग थंडीचं काय? गव्हाच्या हिवाळी जातींना थंडी लागल्याशिवाय ओंबी येत नाही. झाडाला 'थंडी होऊन गेली' हे लक्षात राहतंच की! आणि याच गोष्टीवर स्टालिनच्या मर्जीतल्या लायसेंकोने सोव्हिएत शेतीचा सत्यानाश केला, वाव्हिलोवसारखा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मेला.

पालवी

थंडीची आठवण खरी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण तेच. फक्त त्यात डीएनए मिथिलेशन नाही. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये एफएलसी हे जनुक फुलणं रोखून धरतं. कडाक्याच्या थंडीत आठवड्यामागून आठवडे ते एकेका पेशीत बंद होत जातं, हिस्टोनवरच्या एका खुणेने (एच३के२७ वर तीन मिथिल गट). एखादी पेशी अर्धवट बंद नसते. बंद तरी किंवा चालू तरी. थंडी जितकी लांबेल तितक्या जास्त पेशी बंद. कॅरोलिन डीन यांच्या प्रयोगशाळेने यावर आयुष्य घातलंय. वसंतात ऊब आली तरी बंद ते बंदच राहतं, म्हणून झाड फुलतं.

आणि बी तयार होताना? ती खूण पुसली जाते. पुसण्यासाठी वेगळी यंत्रणाच आहे. पुसली नाही तर पुढचं रोप हिवाळा येण्याआधीच फुलून बसेल आणि मरेल. लायसेंको म्हणत होता की थंडी दिल्याचा गुण बियाण्यात कायमचा उतरतो. झाडाने नेमकं तेच होऊ नये याची व्यवस्था केलेली आहे.

शंकासुर

हे पटलं. पण दुष्काळ, मीठ, उष्णता यांवर तर निबंधच निबंध आहेत. सगळे खोटे?

अनुक्रम

खोटे नाहीत, पण बारकाईने वाचावे लागतात. तहानलेल्या झाडाचं बी मुळातच लहान, अन्नसाठा वेगळा, आतली संप्रेरकं वेगळी. त्याचं रोप वेगळं वागलं तर त्यात आईच्या तब्येतीचा भाग किती आणि वारशाचा किती? ताण न देता निदान दोन पिढ्या वाढवून मग मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

असं करून बघितलं तेव्हा काय निघालं? अ‍ॅराबिडॉप्सिसला पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ देऊन २०१७ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की मिथिलेशनचा नकाशा जवळजवळ जागचा हलत नाही. भाताला फॉस्फेटची टंचाई दिली (२०१५), तर ट्रान्सपोझॉनच्या आसपास मिथिलेशन बदललं खरं, पण शेजारचं जनुक आधी बदललं आणि मिथिलेशन नंतर, आणि ते बहुतांशी पुढे गेलंही नाही. खारटपणाच्या ताणावर २०१६ मध्ये थोडं अनुकूल चित्र आलं: बदल पुढच्या पिढीत जातो, पण आईकडून. वडिलांच्या बाजूने तो पुसला जातो. आणि ताण परत मिळाला नाही तर आईकडूनचाही विरतो.

उष्णतेचं उदाहरण तर पालवी म्हणतात तिथेच घेऊन जातं. ऑनसेन नावाचा ट्रान्सपोझॉन ३७ अंशांना जागा होतो आणि स्वतःच्या प्रती काढायला लागतो. सुदृढ झाडात ताण संपला की त्याला आवरलं जातं, संततीत नव्या प्रती नाहीत. पॉलिमरेज ४ बिघडलेल्या झाडात मात्र तापवलेल्या रोपांच्या संततीत नव्या जागी नव्या प्रती सापडल्या (२०११). म्हणजे यंत्रणेचं काम आठवण ठेवणं नव्हे, तर भानगड पुढच्या पिढीत जाऊ न देणं.

चौकस

शेवटचा प्रश्न. हे मुद्दाम करता येतं का? म्हणजे डीएनए न बदलता आपल्याला हवं ते जनुक गप्प करायचं?

काचपात्र

येतं. कॅस९ या डीएनए कापणाऱ्या प्रथिनाची धार काढून टाकायची, त्याला मिथिल गट लावणारं किंवा काढणारं एन्झाइम जोडायचं आणि हव्या जागी पाठवायचं. अ‍ॅराबिडॉप्सिसच्या एफडब्ल्यूए जनुकावरचे गट २०१८ मध्ये असे काढले. इथे जनुक उलट जागं झालं, त्याने झाडं उशिरा फुलू लागली, आणि घातलेली सगळी सामग्री संकरातून काढून टाकल्यावरही पुढच्या पिढ्या उशिराच फुलत राहिल्या.

पण एफडब्ल्यूए हे यासाठी फारच सोयीचं जनुक आहे, प्रमोटरमध्येच पुनरावृत्तीचे तुकडे आहेत. सगळी जनुकं इतकी आज्ञाधारक नसतात. मला जास्त आशा वाटते ती कसाव्यातल्या (साबुदाण्याचा कंद) कामाची (२०२३). करपा आणणारा जीवाणू आपलं टीएएल२० हे प्रथिन पेशीत सोडतो. ते एसडब्ल्यूईईटी१०ए या जनुकाच्या प्रमोटरवर ठरावीक जागी बसून त्याला चालू करतं. साखर पेशीबाहेर येते, जीवाणूची सोय होते. संशोधकांनी फक्त तेवढ्याच जागेवर मिथिल गट चढवले. प्रथिनाला बसायला जागा उरली नाही, रोगाची लक्षणं कमी झाली, आणि झाडाची वाढ नेहमीसारखीच राहिली. कसावा खोडाच्या तुकड्यांनी लावतात, बियांनी नाही. त्यामुळे गट बी धरताना टिकतील का ही चिंताही इथे निम्मी होते.

शंकासुर

निम्मीच का? खोडाचा तुकडा म्हणजे तीच पेशी पुढे वाढत राहणार, बी नाही की परागकण नाही. मग पुसणार कोण?

काचपात्र

तेलताडही बीविनाच वाढवला होता, आणि तरी कर्मा कोरा झालाच. कसाव्याचं रोगमुक्त बेणं करायला ते ऊतीसंवर्धनातूनच काढतात. तिथून बाहेर आल्यावर ते गट परत मोजावे लागतील, दर वेळी.